गार्डसाहेबांच्या मोटारीतली ठमी

आमचे हे रेल्वेत गार्ड होते आणि घरची मोटार चालवतानाही मनातून गार्डच असत. गाडी थांबली की आधी स्वतः उतरायचे, मागे जाऊन उभे राहायचे, दोन्ही बाजू न्याहाळायचे आणि मग खिशातला हिरवा रुमाल दाखवायचे. तोपर्यंत कुणी दाराला हात लावायचा नाही. एकदा तर निघताना मागे उभं राहून हिरवा दाखवला आणि वाट बघत राहिले. गाडी हलेना तेव्हा लक्षात आलं, की चालवायचीही आपल्यालाच आहे!

मला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली त्या वर्षीची गोष्ट. मुलगी अजून रांगत होती. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या तरच मला कामावर जाता येणार होतं. म्हणून त्यांना आणायला आम्ही सगळे, कुत्र्यासकट, सुट्टीत त्यांच्या गावी जाऊन राहिलो. त्यांची अट एकच, ठमी आली तर मी येणार. ठमी म्हणजे त्यांची मांजर. एक कान फाटका, पण तोरा महाराणीचा.

"आई, मांजर गाडीत उधळली तर अपघात होईल," हे म्हणाले. "वाटेत एकदा जरी गडबड झाली तर गाडी मागे फिरवीन. मग तू आणि तुझी ठमी राहा इथेच."

"फिरव की. मला कुठे हौस आहे यायची?"

मायलेकांच्या हट्टात माझी नोकरी जायची!

मग मीच जनावरांच्या डॉक्टरांना विचारून आले. झाकणाची वेताची टोपली आणली, आत सासूबाईंचा जुना स्वेटर घातला आणि टोपली त्यांच्या पलंगाखाली उघडी ठेवून दिली. थोड्याच दिवसांत ठमी आपणहून तिच्यात झोपू लागली. निघायच्या सकाळी तिचं खाणं बंद. सासूबाईंचं तोंड असं, जणू त्यांनाच उपाशी ठेवलंय. टोपली मागच्या सीटवर बांधली. दुसऱ्या कडेला आमचा कुत्रा पैलवान. नावाचाच पैलवान, फुगा फुटला तरी पलंगाखाली जाणारा. त्याला छातीपट्टा घालून सामानाच्या पट्ट्याने सीटला अडकवला. मध्ये सासूबाई. पुढे मी, मांडीवर मुलगी. तेव्हा लहान मुलांना असंच नेत. आज माझ्या नातसुनेला सांगितलं तर डोक्याला हात लावते.

अर्धा रस्ता छान गेला. पैलवानला पाणी पाजायला यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. शेजारून ट्रक धाडधाड जात होते. हे उतरले, मागे गेले, हिरवा रुमाल दाखवला आणि पैलवानच्या दाराकडे आले.

"गाडी थांबलीय तोवर जरा वारा घेऊ दे बिचारीला," मागून सासूबाईंचा आवाज आला.

वळून बघते तर टोपलीचं झाकण उघडं, ठमी पैलवानच्या पाठीवर आणि डोळे थेट रस्त्याकडे. बाहेर यांचा हात दाराच्या मुठीवर.

"अहो, नको!" मी ओरडले. काचा वर केलेल्या, बाहेर ट्रकचा गोंगाट, यांना काय ऐकू जाणार? माझ्या हातात थर्मासचं लाल झाकण होतं. तेच मागे वळून पैलवानच्या दाराच्या काचेला लावलं.

लाल दिसताच हे जागच्या जागी थिजले. हात मुठीवर, एक पाय उचललेला. लाल बघून हलायचं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

तेवढ्यात ठमी सुळकन पुढे येऊन ब्रेकपाशी दडली. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. "ये गं माझी बाई, ये," त्या हाका मारू लागल्या.

"आई, हाका मारू नका. टोपली सोडवून इकडे द्या आणि हे लाल झाकण काचेला धरून ठेवा."

मी ती उघडीच खाली ठेवली आणि आम्ही गप्प बसलो. बाहेर हे उन्हात पुतळ्यासारखे उभे. बऱ्याच वेळाने ठमीने स्वेटर हुंगला, आत शिरली. मी टोपलीचं झाकण लावलं, दोरी आवळली आणि सासूबाईंना लाल झाकण खाली घ्यायला सांगितलं.

हे घामाने निथळत आत बसले. "झालं? मी काय म्हणालो होतो? आता मागे फिरवतो."

माझी नोकरी गेलीच म्हणायची! पण सासूबाई पुढे वाकल्या.

"फिरव. मी इथे उतरते, टोपली डोक्यावर घेते आणि चालत तुझ्या घरी जाते. तुझी बायको नसती तर माझी ठमी त्या ट्रकखाली गेली असती. तिचीच नोकरी बुडवू होय मी?"

"पण आई, तुला तर यायचंच नव्हतं!"

"बोलायला काय जातं? आणि चूक माझी आहे, ओरडायचं तर मला ओरड. मांजरीला कसली शिक्षा करतोस? चल, पुढे बघून चालव."

गार्डसाहेबांनी मुकाट्याने गाडी पुढे काढली.

नव्या घरी ठमीला आधी एकाच खोलीत ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सासूबाई आपण होऊन तिच्याबरोबर आत राहायला गेल्या. कामाच्या पहिल्या सकाळी त्यांनी नातीलाही आत घेतलं. बाहेर पैलवान दाराच्या फटीला नाक लावून बसला होता. मी पर्स खांद्याला लावून दाराशी घुटमळले.

"आई, जाऊ ना मी?"

"जा गं," आतून दबका आवाज आला. "आणि दार उघडून बघू नकोस, आम्हा तिघींचा आत्ताच डोळा लागलाय."