फोनमध्ये झेंडूला जागा नाही

सुवर्णाबाईंचा मखमलाबादचा झेंडू दसऱ्यासाठी तयार झाला आणि घरात भांडण लागलं. या वर्षी फुलं थेट हार करणाऱ्यांना विकायची हे ठरलं होतं. पण ऑर्डर घ्यायच्या कशावर? मुलगा रोहित म्हणे अ‍ॅपवर, मुलगी वैष्णवी म्हणे वेबसाइटवर. दोघांनी आपापलं बनवूनही ठेवलेलं.

“संध्याकाळपर्यंत ऑर्डरी दाखवा,” सुवर्णाबाई म्हणाल्या, “नाहीतर सगळी फुलं व्यापाऱ्याला. देईल तो भाव.”

दोघं लहानपणी माझ्याकडे गणिताला होती, म्हणून निवाड्यालाही माझ्याकडेच आली. मी सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे वैष्णवीचं काम साडीसारखं,” मी म्हणालो. “एकच कापड, कुणीही नेसावं. रोहितचं ब्लाउजसारखं. अंगाला नेमका बसतो, पण ज्याचा त्याला वेगळा शिवावा लागतो.”

“मास्तर, निदान शर्ट म्हणा,” रोहित कुरकुरला.

आम्ही रिक्षानं पंचवटीत गेलो. देवळासमोर नवसाबाई हार विकतात. त्यांनी एखादी गोष्ट घेतली की शेजारच्या सगळ्या घेतात.

रोहितनं त्यांच्या फोनवर अ‍ॅप घालायला घेतलं. फोन म्हणाला, जागा नाही. सगळा फोन शुभ सकाळच्या चित्रांनी भरलेला.

“मावशी, यातली थोडी पुसू?”

“पूस की.”

पहिला गणपती निघाला. “त्याला नको.” मग दत्त. मग सप्तशृंगीची देवी. “अरे रोहित्या, नवरात्रात तिला पुसतो व्हय?”

शोधून शोधून रोहितनं बिनदेवाचं चित्र काढलं. नुसता टपोरा झेंडू.

“ते तुझ्या आईनं पाठवलंय,” नवसाबाई म्हणाल्या. “पुसून दाखव.”

रोहितनं फोन खाली ठेवला.

वैष्णवी हसत पुढे झाली. तिनं लिंक पाठवली, वेबसाइट लगेच उघडली. पण नवसाबाईंनी फोनमधली अक्षरं लिंबाएवढी करून ठेवलेली. ‘झेंडू’ या एका शब्दानंच पडदा भरला आणि ऑर्डरचं बटण पार कडेबाहेर गेलं.

“कुठं दाबू गं?”

“थोडं उजवीकडे, मावशी.”

“उजवीकडं शेवंतीची टोपली हाय.”

“साडी आखूड पडली,” रोहित म्हणाला.

वैष्णवीनं देवळाच्या पायरीवर बसून लॅपटॉप उघडला.

“इथे बसून दुरुस्त होतं?” मी विचारलं.

“एकदा इथे केलं की सगळ्यांकडे होतं, मास्तर. त्यांना काहीच करावं लागत नाही.”

आमचा चहा होईपर्यंत बटण शब्दाच्या खाली येऊन बसलं. नवसाबाईंनी ते अंगठ्यानं असं दाबलं, की फोनच फुटतो की काय वाटलं. “पाच क्रेट. आन् बारकी फुलं नको, हे बी लिव्ह त्यात.” शेजारच्या लताबाईंनी मान लांब करून विचारलं, “मला बी पाठव ना ते.” बघता बघता ती सगळी ओळ बटणं दाबू लागली.

संध्याकाळी व्यापाऱ्याचा टेम्पो अंगणात उभा होता. सुवर्णाबाईंनी ऑर्डरी पाहिल्या आणि तो रिकामाच परत धाडला.

दुसऱ्या दिवशी मी तोडणी बघायला गेलो, तर सुवर्णाबाई वाफ्यात डोक्याला हात लावून उभ्या. “कुणाला किती पाठवायचं? हे तर उघडतच नाही!” टेकडीखालच्या त्या रानात रेंज नसते.

रोहितचा चेहरा उजळला. “अ‍ॅपमध्ये घरूनच सगळं उतरवून ठेवता येतं, आई. मग रानात रेंज नसली तरी दिसतं.”

“गिऱ्हाइकं अनेक, त्यांना साडी,” मी म्हणालो. “आई एकच, तिला मापाचा ब्लाउज.”

“शर्ट, मास्तर.”

घरी येऊन रोहितनं अ‍ॅप घालायला घेतलं. फोन म्हणाला, जागा नाही. सुवर्णाबाईंनी फोन हातात घेतला आणि जराही न अडखळता भराभर पुसायला लागल्या.

“देव नाही ना पुसलेस?” वैष्णवीनं घाबरून विचारलं.

“छे गं!” म्हणत त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर चोरली. “मास्तर, राग नका मानू. तुम्ही रोज सकाळी ‘आजचं गणित’ पाठवता ना…”

अ‍ॅप छान बसलं. वर बरीच जागाही उरली.