एका घरात दोन खाती

मी खातं बोलतोय. बँकेचं नव्हे, जाहिरातीचं. तुम्ही नेटवर काही शोधता तेव्हा सगळ्यात वर, बारीक अक्षरात 'जाहिरात' लिहिलेल्या दोन ओळी येतात ना? त्या मी पाठवतो. तुम्ही त्या न वाचता खाली जाता, तेही मला माहीत आहे. असो.

माझा जन्म इस्त्रीच्या टेबलावर झाला. एका बाजूला इस्त्री, दुसऱ्या बाजूला संगणक. माझी मालकीण पूर्वी हाडांच्या दवाखान्यात रोग्यांकडून व्यायाम करून घ्यायची. दवाखाना बंद पडला, तेव्हा तिनं घरबसल्या उशांचा उद्योग मांडला. उशा विकते एक कंपनी. मालकिणीचं उशांची माहिती देणारं स्वतःचं पान आहे. माझ्या जाहिरातीवरून लोक त्या पानावर येतात, वाचतात, तिथून कंपनीकडे जातात. कुणी उशी घेतली, तर कंपनी मालकिणीला कमिशन देते. लग्नं जुळवणारे करतात तेच काम, फक्त इथे मान आणि उशी यांची पत्रिका पाहायची.

या कामात नियम फार आणि मालकीण नियमाला पक्की. घरातलं कुणीतरी झोपून पाहिल्याशिवाय ती उशीबद्दल एक अक्षर लिहायची नाही. 'इथून घेतलंत तर मला कमिशन मिळतं' हे पानाच्या माथ्यावरच. जाहिरातीत आपणच कंपनी असल्याचा आव आणायचा नाही, न होणाऱ्या गोष्टी कबूल करायच्या नाहीत. त्यामुळे घरात सारख्या उशा बदलायच्या. यजमान सकाळी वाकडी मान घेऊन कामावर जायचे, पण चकार शब्द काढायचे नाहीत. संसाराचा अनुभव दांडगा.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग भावजींनी लक्ष घातलं.

भावजी म्हणजे मालकिणीचे दीर. मोबाईलच्या दुकानात कामाला, पण खरा व्यवसाय उंटावरचा शहाणा. एके दिवशी मालकीण बाजारात गेली आणि हे माझ्यासमोर बसले. एवढी माहिती वाचतो कोण, असं म्हणत त्यांनी मधलं पान उडवलं, गिऱ्हाईक थेट कंपनीच्या दारात सोडलं, आणि वर नवी जाहिरात लिहिली: 'मानदुखी सात दिवसांत गायब'. मला तर लिहितानाच घाम फुटला. थोड्याच वेळात वरच्या ऑफिसातून, म्हणजे जिथून मला चालवतात तिथून, ताकीद आली. जाहिरात नामंजूर, मानदुखी जाते याचा पुरावा द्या.

मालकिणीनं आल्याआल्या सगळं पूर्ववत केलं. भावजींना त्या दिवशी चहा मिळाला नाही.

भावजींना फार वाईट वाटलं. अशा माणसाच्या शहाणपणापेक्षा त्याचा पश्चात्ताप जास्त महागात पडतो. वहिनींचं खातं पुढेमागे अडलं तर हाताशी दुसरं असावं, म्हणून त्यांनी गुपचूप आपल्या आईच्या नावानं नवं खातं उघडलं. त्याच संगणकावरून, जाहिरातीचे पैसे भरायच्या त्याच कार्डावर, आणि जाहिरात तीच, सात दिवसांची! म्हणजे हात दाखवून अवलक्षण. वरच्या ऑफिसला वाटलं, एका नावाला ताकीद दिली तर ही माणसं दुसऱ्या नावानं तेच करताहेत, चुकवाचुकवी चालली आहे. त्यांनी दोन्ही खाती बंद केली. माझा धाकटा भाऊ, अर्ध्या दिवसाचा जीव. त्याला तरी कुठे कुणी विचारून जन्माला घातलं होतं?

माझ्यावर या घराचं निम्मं चालायचं. मालकीण टेबलाशी बसून राहिली आणि इस्त्री गार झाली. मला परत सुरू करा, असा वरच्या ऑफिसकडे आता एकच अर्ज करता येणार होता. तो फेटाळला की मी कायमचा गेलो.

भावजी म्हणाले, कुणीतरी चोरून केलं असं लिहा. मालकीण म्हणाली, ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही. भावजी दारापर्यंत गेले आणि परत आले. मग खाली बघत म्हणाले, "वहिनी, माझं नाव लिहा."

तिनं घडलं तसं लिहिलं. चूक आमच्या घरातलीच आहे, दिरानं केली, दुसरं खातं कायमचं बंद ठेवा. पण ते खातं सासूबाईंच्या नावावर, त्यांना विचारायला हवं. सासूबाई आत अभ्र्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. आता भावजींची खैर नाही, असं मला वाटलं.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "माझ्या नावावर होतं?"

"हो, आई," मालकीण म्हणाली.

"घर यांच्या नावावर होतं, मग पोरांच्या झालं. लाईटचं बिलसुद्धा माझ्या नावानं येत नाही. जन्मात एक गोष्ट माझ्या नावावर झाली, ती मला कळायच्या आत बंद करताय होय?"

मी बंद होतो म्हणून, नाहीतर त्याच क्षणी त्यांच्या नावाची जाहिरात लावली असती.

शेवटी मालकीण म्हणाली, "आई, खातं जाऊ दे. पानावर तुमचं मत तुमच्या नावानं घालते. पण खरंच सांगायचं हं."

"खोटं कशाला सांगू? मला कुठे कमिशन मिळतंय?"

अर्ज गेला, आणि मी परत सुरू झालो. धाकटा गेला तो गेलाच. तेव्हापासून माझ्यावर बारीक नजर आहे, आणि भावजींना संगणकाजवळ फक्त पुसायला बसू देतात. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर हात जोडून सांगतो, चुकलं तर सुधारा, वाटल्यास आम्हाला रागवा, पण आम्हाला चोरून भावंडं आणू नका.

सासूबाईंचं मत हल्ली लोक सगळ्यात आधी वाचतात. परवा त्यांनी लिहायला सांगितलं, 'या उशीचा अभ्रा पहिल्याच धुण्यात आखडतो, घेऊ नका.' कंपनीचा निरोप आला: हे वाक्य काढा, कमिशन वाढवून देतो. भावजी लगेच म्हणाले, काढून टाका.

मालकिणीनं उत्तर पाठवलं, वाक्य राहील. आईंच्या नावावर तेवढंच आहे.