बाबांचा आवाज आणि माझी निळी झोप

मित्रांनो, मला उघडताना बिजागरी कुरकुरते, 'म'चे बटण दोनदा दाबल्याशिवाय उमटत नाही आणि झाकणाचा चकाकता रंग कोपऱ्यांवरून उडून गेला आहे. तुम्ही ओळखलेच असेल, मी एक जुना लॅपटॉप आहे. सध्या मी खिडकीजवळ, आरामखुर्चीशेजारच्या लाकडी स्टुलावर राहतो. दुपारचे ऊन खिडकीच्या पडद्यातून झिरपत माझ्यावर उतरते, तेव्हा सगळे आयुष्य मला पाण्याखाली पाहिल्यासारखे दिसते. थोडे हलणारे, थोडे लांबचे.

जन्माचे फारसे आठवत नाही. पांढरा उजेड होता, हातमोजे घातलेली बोटे होती, आणि माझ्या पाठीत शेवटचा स्क्रू पिळताना कुणीतरी गुणगुणत होते. मग खोक्यातला काळोख. डोळे उघडले तेव्हा समोर ठमाताईचा चेहरा होता. तिचे खरे नाव दुसरेच काही असणार, पण घरात सगळे तिला ठमाच म्हणायचे. ती घरांचे नकाशे काढायची. तिने पडद्यावर रेघ ओढली की भिंत उभी राहायची आणि चौकोन काढला की खिडकी उघडायची. अजून न बांधलेल्या कितीतरी घरांतून मी तिच्याबरोबर हिंडलो आहे.

"याच्यासारखा गुणी कुणी नाही," असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मी फुशारून जायचो. पुढे नकाशे मोठे होत गेले आणि मला धाप लागू लागली, तेव्हा तिने माझ्यात रॅमची आणखी एक पट्टी बसवून घेतली. रॅम म्हणजे हातातले काम मांडून ठेवण्याची माझी जागा, तुमच्या अभ्यासाच्या टेबलासारखी. माझे टेबल दुप्पट झाले. पण काही वर्षांनी ठमाताईला ऑफिसातून नवा लॅपटॉप मिळाला आणि मी कपाटात लोकरी स्वेटरांच्या खाली गेलो. तिथे फार ऊब होती आणि कुणी काही विचारत नव्हते.

मला बाहेर काढले ते बाबांसाठी. बाबा म्हणजे ठमाताईचे वडील. बसस्थानकावर माईकसमोर बसून गाड्यांच्या घोषणा करण्यात त्यांची सारी नोकरी गेली. निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही. ताटे मांडली की ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सांगत, "प्रवाशांनी कृपया आपापल्या जागा घ्याव्यात, भात निघण्याच्या तयारीत आहे." त्याच बाबांच्या घशात गाठ निघाली. जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावे लागेल, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. ऑपरेशनची तारीख जवळचीच होती.

ठमाताईने शोधाशोध केली. एखाद्याचे बोलणे आधीच भरपूर साठवून ठेवले, तर तसाच आवाज तयार करणारा एक प्रोग्रॅम तिला सापडला. माणसाने नंतर टाइप करायचे आणि प्रोग्रॅमने त्याच्या आवाजात बोलायचे. ऑफिसच्या लॅपटॉपवर असले काही चढवायची परवानगी नव्हती, म्हणून तिने माझ्यावरची लोकर झटकली.

बाबांचा आवाज सकाळी थोडा वेळच टिकायचा, मग घोगरा व्हायचा. माझ्या पडद्यावर वाक्ये यायची, बाबा ती वाचायचे आणि मी साठवून घ्यायचो. पहिले काही दिवस सुखाचे गेले. मग एकदा ते त्यांच्या लहानपणीच्या नदीबद्दल बोलत होते, मी तिच्या काठाकाठाने चाललो होतो, आणि मध्येच पायाखालची वाट निसटली. सगळीकडे निळे झाले. त्या निळ्यात मी संथपणे खाली जात राहिलो आणि वर कुठेतरी पांढऱ्या अक्षरांत लिहिलेले होते की अडचण आली आहे, आम्ही पुन्हा सुरू करत आहोत. जागा झालो तेव्हा नदी नव्हती. ती सेव्ह झालेलीच नव्हती.

"घ्या. माझ्याआधी यानेच मौन धरलं," बाबा म्हणाले.

ठमाताईला हसू आले नाही. तिने माझे नवे अपडेट काढून टाकले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा निळ्यात पडलो. तिने व्हायरस शोधला, तो नव्हताच. पाठ उघडून पंख्यात अडकलेली लोकर ब्रशने काढली. मला हलके वाटले, तरीही मी पडलो. मग बाबांचे साठलेले बोलणे दुसरीकडे उतरवून घेऊन तिने माझ्यातले सगळे पुसून मला कोरा केला आणि नव्याने मांडले. प्रत्येक उपायानंतर ती म्हणायची, "झालं बहुतेक." आणि प्रत्येक वेळी पडद्यावर नवीच तक्रार यायची. कधी म्हणे फाइल सापडत नाही, कधी म्हणे ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम बिघडला. मला स्वतःला विचाराल, तर मला फक्त झोप येत होती.

एका सकाळी बाबांनी वाक्ये बाजूला ठेवली आणि ठमाताईच्या आईंची गोष्ट सांगायला घेतली. चौकशीच्या खिडकीशी एक मुलगी येऊन म्हणाली होती, "तुम्ही गाडीचं नाव इतक्या घाईत सांगता, की ऐकेपर्यंत गाडी जाते." ती मुलगी म्हणजे आई. बाबा रंगात आले होते, आवाजही कधी नव्हे इतका मोकळा लागला होता, आणि गोष्ट संपत आलेली असताना मी बुडालो.

जागा झालो तेव्हा तीही गोष्ट गेलेली होती. बाबांनी पुन्हा सुरुवात करून पाहिली, पण घशातून नुसती हवा आली. ठमाताईने माझे झाकण आपटले.

"भंगारात देते याला."

"थांब, ठमे," बाबा कुजबुजले. "हा कधी पडतो, पाहिलंस का? सुटी वाक्यं वाचली की नीट असतो. मी लांबण लावली की पडतो."

ठमाताईने झाकण हळूच उघडले. मग मला छातीशी धरून दुरुस्तीवाल्या काकूंकडे घेऊन गेली आणि बाबांचे म्हणणे त्यांना जसेच्या तसे सांगितले.

"सेव्ह करेपर्यंत सगळं बोलणं रॅममध्ये साठतं," काकू म्हणाल्या. "थोडं असतं तोवर चालतं. जास्त झालं की रॅममधल्या एखाद्या खराब जागेवर जात असेल. पट्ट्या एकेक करून तपासू."

त्यांनी आधी दुसरी पट्टी काढून पहिलीची परीक्षा घेतली. तिच्यात काही निघाले नाही. मग पहिली काढून दुसरी लावली, आणि थोड्याच वेळात पडद्यावर चुका दाखवणाऱ्या लाल ओळी उतरू लागल्या.

"ही गेली. तुम्ही आतलं कितीही पुसलंत तरी उपयोग नव्हता."

"नवी मिळेल?"

"या जातीची मागवावी लागेल. पंधरवडा तरी जाईल."

"तेवढे दिवस नाहीत आमच्याकडे," ठमाताई म्हणाली.

काकूंनी खराब पट्टी बाजूला ठेवली. "मग एकीवर चालवा. हळू चालेल. थोडं थोडं बोला आणि दर वेळी सेव्ह करा."

मी अर्ध्या टेबलावर कामाला लागलो. आईंची गोष्ट पुन्हा झाली, तुकड्यातुकड्यांत. या वेळी आई शेजारीच बसल्या होत्या आणि दर तुकड्याला मोडता घालत होत्या. "मी घाईत म्हटलंच नव्हतं, मी पुटपुटत म्हटलं होतं." "अगं, माझ्या आवाजाची गोष्ट आहे, तू मध्ये कशाला?" तेही मी ठेवून घेतले. ऑपरेशनच्या आदल्या सकाळपर्यंत बाबा बोलत होते आणि मी एकदाही बुडालो नाही.

ऑपरेशन नीट पार पडले. बाबा घरी आले ते गळ्याला पट्टी बांधून, अगदी मुके. ठमाताईने आवाज तयार करून ठेवला होता, पण ते काही दिवस माझ्याकडे बघायलाही तयार नव्हते. मग एका संध्याकाळी त्यांनी मला मांडीवर घेतले आणि एका बोटाने एकेक अक्षर शोधत काहीतरी लिहिले. आई भाजी निवडत होत्या, ठमाताई कपड्यांच्या घड्या करत होती. बाबांनी बटण दाबले आणि मी बोललो, "पंखा जरा कमी कर."

आवाज थोडा सपाट होता, पण बाबांचा होता. ठमाताईच्या हातातली घडी तशीच राहिली. मग आई उठल्या, पदराने डोळे पुसले आणि पंखा कमी केला.

"एवढा पुरे?" त्यांनी विचारले.

बाबांनी पुन्हा एकेक अक्षर शोधायला घेतले, आणि आई पंख्याच्या बटणापाशी हात ठेवून थांबून राहिल्या.

मित्रांनो, आम्हाला अंथरुणात ठेवू नका, आमच्यावर धूळ साचू देऊ नका, मोलाचे काही असेल तर ते दोन ठिकाणी जपून ठेवा. आणि कुणी चालता चालता सारखे पडत असेल, तर झाकण आपटण्याआधी थोडे पाहत बसा, ते केव्हा पडते आणि त्या वेळी त्याच्यावर काय लादलेले असते. मला असे पाहणारे एक माणूस भेटले, म्हणून मी आज तुमच्याशी बोलतो आहे.

आता थांबतो. बाहेरच्या खोलीतून सपातांची चाहूल लागते आहे. बाबांना कुणाशी तरी बोलायचे असेल.