तपासणीपुरता लेथ

मी लेथ बोलतोय. लोखंड कातणारं मशीन. कुणी फडकं घेऊन मला पुसायला आलं की मी सावध होतो. कामाचा माणूस मला तेल घालतो. चमकवतो तो दाखवणारा.

ओतशाळेत माझा जन्म झाला. एका कारखान्यात बरीच वर्षं राबलो. तो बंद पडला, तेव्हा या खासगी करिअर कॉलेजच्या संचालकांनी मला विकत घेतलं. सगळे त्यांना सर म्हणतात. सुरुवातीला ते स्वतः शिकवायचे. पोरं हात काळे करून घरी जायची. कॉलेजचं नाव झालं. मग सरांनी दुसऱ्या गावात शाखा काढली आणि शिकवणं सुटलं.

दोन शाखा, लेथ मी एकटा. मान्यतेची तपासणी जिथे, तिथे माझी वरात. एरवी मी कुलपात. विद्यार्थी वहीत माझं चित्र काढायचे आणि पास व्हायचे.

त्यांत एक ताई होती. दोन मुलांची आई, दुसऱ्या एका कारखान्यात माल बांधायची. मालक म्हणाला होता, मान्यता असलेल्या कॉलेजचं प्रमाणपत्र आण, मशीनवर घेतो. तिचं सगळं तिथेच अडलं होतं.

यंदा तपासणीच्या दिवशी तिला नवा एप्रन घालून माझ्याजवळ उभं केलं. सरांनी बजावलं होतं, विचारलं तर रोज चालवते म्हणायचं. मला तिचाही भरवसा नव्हता. गरजू माणूस लवकर मान डोलावतो.

तपासणीला आलेल्या बाईंनी विचारलं, "यावर काम करता ना?"

ताई म्हणाली, "आज पहिल्यांदाच हात लावलाय, मॅडम."

"घाबरलीये हो ती," सर हसत म्हणाले.

"घाबरले नाही, सर. उद्या कारखान्यातलं मशीन काय प्रमाणपत्र बघून चालणार आहे?"

मान्यता अडकली. आधी मशीनवर शिकवा, मग पुन्हा बघू, असं सांगून बाई गेल्या. वर्ग ताईशी बोलेनासा झाला. एकाने तोंडावर सुनावलं, "तुम्ही बुडालात ते बुडालात, आम्हालाही घेऊन."

सरांना कुलूप काढावंच लागलं. ताईने कातायला लावलेला पहिला लोखंडी दांडा बिघडवला. दुसराही. चरफडली आणि तिसरा लावला. तेव्हा कुठे माझा तिच्यावर विश्वास बसला. शिकल्याचं सोंग करणाऱ्याच्या हातून दांडा कधी बिघडत नाही.

मान्यता मिळेल का, ठाऊक नाही. सरांवर माझी नजर आहे. तुम्ही अशा कॉलेजात प्रवेश घ्यायला गेलात, तर इमारत बघत बसू नका. मशीनखाली वाकून बघा. फरशी स्वच्छ असेल, तेलाचा डाग की लोखंडाचा कीस नसेल, तर आल्या पावली परत फिरा.