बीट मागवू नका

"बीट मागवू नका, सांगून ठेवतो. घरी जाईपर्यंत पिशवीत नुसता चिखल होतो," न्हावी मागे वळून म्हणाला.

"तुम्हाला धड धरता येत नाही म्हणून होतो. मी तीनदा खाल्लंय बीट," रांगेच्या शेवटी उभी असलेली नर्सबाई म्हणाली.

"मग परवा तुमच्या पांढऱ्या ड्रेसवर काय सांडलं होतं?"

"ते पेशंटचं होतं."

दोघांच्या मध्ये हेल्मेट घातलेला एक माणूस उभा होता. भांडण त्याच्याच डोक्यावरून चाललं होतं. बिचाऱ्याने एवढंच विचारलं होतं की इथे घेण्यासारखं काय आहे. न्हावी म्हणाला वांगं, नर्सबाई म्हणाली बीट, आणि मग ते दोघं त्याला विसरूनच गेले.

दुकान कसलं, भिंतीत एक खिडकी. आत भट्टी, बाहेर फळा. फळ्यावर फ्लॉवर, मशरूम, वांगं, बटाटा, बीट, सगळ्यांचे कबाब. बसायला जागा नाही, रोल घ्यायचा आणि चालू पडायचं.

हेल्मेटवाल्याकडे गाडी नव्हती. तो समोरच्या फुटपाथवरून आला होता, मोजून अकरा पावलं. तिथे त्याचं मटणाचं दुकान. ते तो बायकोच्या भरवशावर टाकून, मेहुण्याचं हेल्मेट डोक्यात कोंबून आला होता. कारण खिडकीच्या आत सळया फिरवणारी पोरगी त्याची होती.

लहानपणापासून ती त्याच्याच ठोकळ्याशी उभी राहून शिकली. खिमा असा करायचा की विचारू नका. आणि दोन महिन्यांपूर्वी सुरा पुसून ठेवला आणि म्हणाली, बाबा, मी भाज्यांचं करते. याचं डोकं फिरलं. भर रस्त्यात ओरडला की गवत भाजून विकणारीच्या दारात मी उभा राहणार नाही. सगळ्या गल्लीने ऐकलं. आता शब्द मागे घ्यायचा म्हणजे नाक कापून हातात घेण्यासारखं.

पण काल सकाळी दात घासताना त्याने ऐकलं, ती आईला सांगत होती. बहुतेक लोक एकदा येतात, परत येत नाहीत. महिनाअखेरपर्यंत बघते, नाहीतर शटर ओढते आणि मावशीच्या गावाला जाते, कायमची. तेव्हापासून याचा हात सरळ चालेना. आज एका गिऱ्हाइकाला बरगडीच्या चापा म्हणून काय कापून दिलं ते त्याचं त्यालाच माहीत.

म्हणून हे हेल्मेट. येऊन बघायचं, चुकतंय कुठे ते शोधायचं आणि आलोच नव्हतो अशा तोंडाने परत जायचं.

न्हावी वांगं घेऊन बाजूला झाला, पण गेला नाही. असली मजा सोडून कोण जातो?

"बोला काका, काय देऊ?" पोरगी म्हणाली.

काका! सख्ख्या बापाला. त्याने आवाज घोगरा केला आणि विचारलं, लोक कशाची तक्रार करतात? असलं गिऱ्हाईक तिने बहुधा पाहिलं नसावं. पण ती शांतपणे म्हणाली, बीटाची. मग बीट दे, तो म्हणाला. तिने विचारलं दात शाबूत आहेत ना, नाहीतर बटाटा मऊ असतो, वयस्कर माणसं बटाटाच नेतात. हेल्मेटच्या आत त्याचे कान तापले. बीटच दे, तो म्हणाला.

आता या दुकानाची एक पद्धत होती. पहिला घास खिडकीशीच खायचा. रोल वाटेत मोडतात म्हणून लोक भांडायला परत यायचे, तेव्हा तिने हा नियम केला होता की कबाबाचा एक तुकडा इथे, माझ्यासमोर खा, आवडला तर रोल बांधते, मग तक्रार नको. तिने तुकडा पुढे केला.

त्याने आधी तो अंगठ्याने दाबला. मटण दाबून बघायची सवयच होती. दाबल्या दाबल्या बोट आत गेलं आणि लाल पाणी वर आलं. मग काच वर केली, तर तोंड हेल्मेटच्या खालच्या पट्टीमागे. काढायची सोय नाही. त्याने तुकडा हनुवटीखालून वर ढकलला. अर्धा तोंडात गेला, अर्धा आतच फुटला.

चव फर्स्टक्लास होती. मीठ, तिखट, धूर, सगळं जिथल्या तिथे. आणि खाता खाता त्याला कळलं. कळलं तसा तो घोगरा आवाज विसरला.

"पाणी आहे यात. किसून झाल्यावर पिळत का नाहीस?"

"पिळायचं नसतं," पोरगी म्हणाली. "रस गेला की चव गेली. माझ्या बाबांनी शिकवलंय. एकदा पिळला होता खिमा, तर हातावर फटका बसला होता."

तो फटका त्याला चांगला आठवत होता. पोरगी तेव्हा नऊ वर्षांची होती.

"खिम्याचं वेगळं, बीटाचं वेगळं," तो म्हणाला.

"आता तुमचं ऐकू की बाबांचं?"

न्हाव्याने चावायचं थांबवलं.

"तुझ्या बापाला भाजीतलं काय कळतंय?" हेल्मेटवाला म्हणाला. "गाढव आहे तो."

"हे त्यांना तोंडावर सांगाल? समोरच दुकान आहे."

तेवढ्यात नर्सबाईचं लक्ष त्याच्या मानेकडे गेलं. हेल्मेटच्या खालून लाल ओघळ कॉलरमध्ये उतरत होता. बाई कामाची पक्की. हलू नका म्हणाली, एका हाताने मान धरली, दुसऱ्याने पट्टा सोडवला आणि हेल्मेट उपटून काढलं. आत मटणवाला. दाढीभर बीट.

न्हावी असा हसला की वांगं त्याच्या नाकात गेलं.

पोरगी हसली नाही. "अंगठ्याने दाबलात तेव्हाच ओळखलं होतं," ती म्हणाली आणि एक धुतलेलं फडकं खिडकीतून त्याच्यापुढे धरलं. त्याला वाटलं तोंड पुसायला. तिने मागोमाग किसलेल्या बीटाचं पातेलं सरकवलं.

"दाखवा."

सगळी गल्ली बघत होती. पलीकडून बायकोही दुकानाबाहेर येऊन बघत होती. त्याने बाह्या वर केल्या. बीट फडक्यात घेतलं, पुरचुंडी बांधली आणि पिळलं. फुटपाथ लाल झाला. मग मूठभर भाजलेलं पीठ मागितलं, मळलं, सळईवर चढवलं आणि तिला म्हणाला की घाई करू नकोस, एक बाजू धरू दे, मगच फिरव. तिने तसंच केलं. कबाब सळईवरून अख्खा उतरला. नर्सबाईने रोल हातात घेतला, उलटा केला, हलवला. थेंब पडला नाही.

"मला दोन," न्हावी म्हणाला. "बीटाचेच."

मग मागे आणखी चारजण उभे राहिले. पोरगी म्हणाली, बाबा, फ्लॉवरलाही असंच करायचं का? मशरूमला? तो म्हणाला मशरूमचं वेगळं आहे, त्याला आधी कोरडंच तव्यावर... आणि समोर दुकानात परतलेल्या बायकोने सुरा ठोकळ्यावर आपटला, दोनदा.

"उद्या सांगतो," तो म्हणाला. "मला आता निघायलाच हवं."