पहिल्याच दमात

भीमराज भांडत नाही, ही पद्माबाईची तक्रार होती. उभ्या कुरुंद्यात अशी तक्रार करणारी आई दुसरी नव्हती, आणि पद्माबाईला त्याचाही थोडा तोरा होता.

"लोकाचे पोरं मायला उंबऱ्याबाहेर काढून राहिले," रुक्माबाई तुरीतले खडे वेचता वेचता म्हणाली. ती शेजारीण, भिंतीला भिंत लागून. "अन् तुला भांडण पाहिजे. सुख टोचून राहिलं तुला."

"सुख न्हाई ते. काल म्हणलं, कालवण खारट झालं. तर म्हणतो, माय म्हणते तसं. मंग मुद्दाम म्हणलं, न्हाई, अळणी झालं. तरीबी, माय म्हणते तसं. माणूस हाय का नंदीबैल?"

"नंदीबैल बरा. दाणे तरी मागतो."

"ह्यो तेबी मागत न्हाई. आईतवारी येतो, जेवतो, लेकराला पाढे इचारतो, सोमवारी पहाटंच्या जीपनं वसमतला जातो. घरात हाय का न्हाई, कळत न्हाई."

"नऊ वर्सं झाले, तुझं हेच."

नऊ वर्षं म्हटलं की पद्माबाई उठून चुलीकडे जायची. ती नऊ वर्षं कुठल्या दिवसापासून मोजायची, हे तिला बरोबर ठाऊक होतं.

त्याआधी भीमराज भांडायचा. चांगला कडाकडा भांडायचा. वसमतला एका वर्कशॉपात वेल्डिंगच्या कामाला होता. शटर, ट्रॉल्या, पाण्याच्या टाक्या, असलं काम. आणि पद्माबाई हंगामात सोनाजीच्या रानात हळद शिजवायला जायची. बैलगाडीच्या चाकाएवढी कढई, खाली पऱ्हाटीचा जाळ, वर ओली पोती, आणि धुरानं डोळ्यांचे चिंचोके. एका साली कढई कलंडली आणि उकळतं पाणी तिच्या डाव्या हातावर आलं. कोपरापर्यंत कातडं सोललं. त्या हाताला मलम लावता लावता भीमराज म्हणाला होता,

"माय, हळद पाण्यात बुडवायचीच काहून? नुसती वाफ दिली तर?"

"इडलीवानी?"

"इडलीवानी."

"इडली मऊ असते रे. हळद दगड हाय."

पण पोराच्या डोक्यात वाफ शिरली ती शिरलीच. सुट्टीच्या दिवशी अंगणात ठोकाठोक सुरू झाली. जुन्या पिंपात पाणी उकळायचं, नळीनं वाफ शेजारच्या पिंपात सोडायची, त्यात हळद. असं एकामागून एक पिंप तो करून पाहू लागला. पहिल्या पिंपाचं झाकण उडालं ते थेट रुक्माबाईच्या शेळ्यांत जाऊन पडलं. एका शेळीनं आठ दिवस दूध दिलं नाही. दुसऱ्या पिंपात खालच्या हळदीचा गाळ झाला आणि वरची कच्ची राहिली. तिसऱ्याचा जोड फुटला. चौथ्याला भीमराजनं मधोमध भोकं पाडलेली उभी नळी बसवली, आणि पाऊण तासात कढईभर हळद अशी शिजली, की सोनाजीनं हळकुंडाची कुडी मोडून पाहिली आणि नुसती मान हलवली. सोनाजी मान हलवायचा म्हणजे दुसऱ्यानं ढोल वाजवल्यासारखं.

झालेलं पिंप बाजूला, आणि न झालेली तीन भिंतीशी ओळीनं उभी. भीमराजनं त्यांच्यावर पांढऱ्या रंगानं तारखा टाकून लिहून ठेवलं होतं: 'झाकण उडाले.' 'वरची कच्ची, खाली गाळ.' 'जोड फुटला.' पद्माबाई दुसरीपर्यंत शाळेत गेलेली. अक्षराला अक्षर जोडत वाचायची, पण वाचायची. आणि जाता-येता हीच अक्षरं तिच्या डोळ्यांत खुपायची.

"लोकं चुकलेलं झाकून ठेवतेत," ती म्हणायची, "ह्यो रंगानं लिहून ठेवतो. समदी आळी वाचून राहिली."

"वाचू दे. माय, चुकलेलंच तर कामाचं असतं. कुठं चुकलो ते इसरलो, तर परत तिथंच चुकंन."

"असं म्हणून कोण पास झालं आजवर? आमच्या गुरुजीनं पाटीवर खाडाखोड दिसली की छडी दिली."

"म्हणून तू दुसरीत शाळा सोडली."

"म्हणून न्हाई. माझा बाप मेला म्हणून."

असं भांडण. मग जेवताना दोघंही हसायची. त्याची बायको ज्योती मध्ये पडायची नाही. ती दहावी झालेली होती, शहाणी होती.

ज्योतीनंच वर्तमानपत्रातलं कात्रण दाखवलं. नवीन यंत्र, नवीन तंत्र स्वतः शोधून काढणाऱ्या कारागिराला सरकार मदत देणार. यंत्र सुधारायला, आणि पुढे स्वतःचा लहानसा कारखाना टाकायला. ज्योतीनं अर्ज भरला, सोबत झालेल्या पिंपाचा फोटो लावला. फायल आधी परभणीला गेली. तेवढ्यात हिंगोली जिल्हा वेगळा झाला, मग फायल हिंगोलीला आली, तिथं कुठल्या कपाटात निजली, कोण जाणे. दीड वर्षानं कागद आला: समिती यंत्र पाहायला येणार.

पद्माबाईला यातलं एवढंच समजलं की परीक्षा आहे, आणि बक्षीस आहे. कारखाना म्हणजे काय, तेही तिनं मनात बांधून ठेवलं होतं. वसमत रोडला पत्र्याची शेड, वर पाटी, पाटीवर भीमराजचं नाव, आणि पुढं बाकावर ती स्वतः, आल्या-गेल्याला चहा सांगत. ज्यांच्या रानात हात भाजले, ते लोक मशीन घ्यायला येतील आणि बाकावर तिच्या शेजारी बसतील.

भीमराज साहेबांना आणायला आदल्या दिवशीच हिंगोलीला गेला. ज्योती पहिल्या बाळंतपणाला माहेरी. घरात पद्माबाई एकटी, आणि अंगणात ती तीन पिंपं, त्यांवर लिहिलेल्या तीन चुका. तिनं सकाळपासून अंगण झाडलं, सारवलं, भिंतीला पांढरा हात दिला. पिंपांपाशी आली की हात थांबायचा. परीक्षेला येणाऱ्या साहेबाला खाडाखोड दाखवायची? दुपारी भंगारवाला गाडा घेऊन ओरडत आला, आणि पद्माबाईनं त्याला हाक मारली.

तिन्ही पिंपं गेली. बदल्यात तिनं फुलांच्या नक्षीचा स्टीलचा ट्रे घेतला, कारण साहेबांना चहा कशात द्यायचा हाही प्रश्न होताच. पिंपांच्या जागी मातीत तीन गोल राहिले होते, तेही तिनं सारवून टाकले. उरल्या वेळात वाण्याकडून पिवळा ऑइलपेंट आणून चांगल्या मशीनला दोन हात दिले. संध्याकाळी मशीन असं चकचकीत दिसत होतं, जसं काही दुकानातून आजच उतरवलंय.

दुसऱ्या दिवशी जीप आली. तीन साहेब, त्यातला एक तरुण, चष्मेवाला, आणि तोच जास्त विचारणारा. भीमराज खाली उतरला, त्यानं पिवळं मशीन पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं. पद्माबाईनं त्याचा चेहरा पाहिला आणि तिला वाटलं, अंगण एवढं साफ पाहून पोरगं चकित झालंय.

हळद मशीनमध्ये भरली. पाऊण तासात शिजली. साहेबांनी घड्याळं पाहिली, कुड्या मोडल्या, आपसात इंग्रजीत बोलले. सगळं चांगलंच चाललं होतं. मग चष्मेवाला म्हणाला,

"यंत्र उत्तम आहे. आता आधीचे नमुने दाखवा. सुरुवातीला काय केलं, कुठं अडलं, ते आम्हाला बघायचंय."

भीमराज भिंतीकडे पाहत राहिला. पद्माबाई नव्या ट्रेमधून चहा देत होती. पोरगं साहेबाला घाबरलं, असं समजून तीच पुढं झाली.

"आधीचं काही न्हाई साहेब. आमच्या पोराच्या हातून चूक होत न्हाई. पहिल्याच दमात बनवलं."

"पहिल्याच दमात? एकदाही बिघडलं नाही?"

"एकदाबी न्हाई. हात तसा हाय त्याचा."

साहेबानं तिच्याकडे पाहिलं, पिवळ्या रंगाकडे पाहिलं, मशीनच्या पायाला बोट लावून पाहिलं. रंग अजून ओला होता. त्यानं बोट रुमालाला पुसलं आणि विचारलं,

"भीमराज, आई सांगतात ते खरं आहे?"

भीमराजनं आईकडे पाहिलं. ती तिथं उभी होती, इस्त्रीच्या पांढऱ्या लुगड्यात, डावा भाजलेला हात पदराखाली, उजव्या हातात ट्रे. तीन परक्या माणसांसमोर आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून बोलत होती.

"माय म्हणते तसं," तो म्हणाला.

साहेबानं लिहून घेतलं. जीप गेली. भीमराज तसाच सायकलवर वसमतला गेला, भंगारच्या दुकानात. माल पहाटेच ट्रकमध्ये चढून जालन्याला भट्टीकडे निघाला होता. तो परत आला तेव्हा पद्माबाई भांडणाची तयारी करून बसली होती. पिंपं कुठं गेली हे त्याला कळलं असणार, एवढं तिला कळत होतं. तो हातपाय धुऊन जेवायला बसला, जेवला आणि झोपला.

कागद आला तेव्हा ज्योती बाळाला घेऊन परतली होती. तिनं वाचून दाखवला: सदर यंत्र अर्जदाराने स्वतः विकसित केल्याचा पुरावा आढळला नाही. एवढं वाचून ती थांबली. भीमराजनं तिच्या हातातून कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. ते पिवळं मशीन दोन हंगाम अंगणात राहिलं. नंतर त्यानं स्वतःच्या हातानं कापून त्याचे पत्रे वर्कशॉपात नेले.

पद्माबाई गावात सांगत राहिली, की साहेब लाचखाऊ होते, की चष्मेवाल्याला आपल्या माणसांचं वर येणं खुपलं. तोंडानं सांगायची आणि आत मात्र जाणत होती. पण जाणलेलं सगळं बोलायचं असतं, असं तिला कोणी शिकवलं नव्हतं.

आणि आता, नऊ वर्षांनी, सोनाजीच्या रानात वाफेवरचं मशीन आलं. कुठल्याशा लांबच्या कंपनीचं, चाकांवर फिरणारं, चार पिंपांचं. ते बसवून द्यायला वसमतच्या डीलरनं ज्याला पाठवलं, तो भीमराजच. वर्कशॉप बंद पडल्यापासून तो डीलरकडे फिटर होता. रविवार होता, अर्धं गाव बघायला जमलं. पद्माबाई आणि ज्योतीही गेल्या.

पाना घेऊन भीमराज पिंपाखाली वाकला होता. सोनाजीनं झाकण उघडून आत पाहिलं. मधोमध उभी नळी, तिला भोकं.

"भीमराज, ह्ये तर तू केल्तं तेच," सोनाजी म्हणाला.

"कंपनीचं हाय काका."

"अरे पण नळी..."

"कंपनीचं हाय," भीमराज म्हणाला, आणि त्यानं नट आवळला.

पद्माबाईनं त्या नळीकडे पाहिलं. ती ज्योतीकडे वळली आणि सवयीनं म्हणाली, "त्या चष्मेवाल्यानं घात केला माझ्या लेकराचा."

ज्योतीनं आजवर तिला कधी उलटून उत्तर दिलं नव्हतं. आज ती म्हणाली,

"सायबानं न्हाई केला, आत्याबाई. सायबानं वाट ठेवली व्हती. त्या कागदात खाली अजून चार ओळी व्हत्या. ह्यांनी मला मोठ्यानं वाचू दिल्या न्हाईत."

"काय व्हतं?"

"आधीचे पिंपं ज्यांनी पाह्यले, अशा दोन माणसांच्या सह्या पाठवा. अन् आईनं सांगितलं ते खरं न्हवतं, असं लिहून द्या. म्हैन्याच्या आत. अर्ज पुन्हा घेऊ, असं लिव्हलं व्हतं."

"मंग?"

"मी म्हणलं, रुक्मामावशीचा अंगठा घेऊ, त्यांच्या शेळ्यांतच झाकण पडलं व्हतं. सोनाजीकाकाची सही घेऊ. तर हे म्हणाले, मायला सरकारी कागदावर खोटी ठरवू का? तिनं जलमभर लोकाच्या रानात मान खाली घालून काम केलं. एक दिवस मान वर केली, तर ती मी खाली करू?"

 नऊ वर्षं पद्माबाईला वाटत होतं, पोरगं रागानं मुकं झालंय. राग असता तर बरं होतं. रागाला तिच्याजवळ उत्तर होतं.

मशीन सुरू झालं. वाफेचा पांढरा लोट उठला, हळदीचा वास सुटला, लोक मागं सरकले. भीमराज फडक्यानं हात पुसत बाजूला झाला. पद्माबाई गर्दीतून सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"भीमराज."

"काय माय?"

"पिंपं मी इकली. सायबासमोर खोटं मी बोलले." तिचा आवाज सोनाजीपर्यंत, रुक्माबाईपर्यंत जात होता, आणि तिनं तो मुद्दामच कमी केला नाही. "आता काय म्हणतोस?"

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. ओठ हलले, पण शब्द यायच्या आत तिनं हात वर केला.

"गप. तेच म्हणशील, अन् मला ते ऐकायचं न्हाई. आज मी सांगते, तू ऐक. खोटं बोलले ते माझ्या माथी, अन् ते मी मरस्तोवर वागवीन. पण तुझ्या हातात कागद व्हता, साक्षीला माणसं व्हते, अन् माझी मान वर राहावी म्हणून तू तुझं मशीन बुडवलंस. ते तुझ्या माथी. लई चांगला लेक झालास तू, अन् तिथंच चुकलास. एवढी महाग न्हवती रे माझी मान."