एका हाकेनं आखूड झालेली फीत

मित्रांनो, तुम्ही मला जुनी ध्वनिफीत म्हणा किंवा नुसती टेप म्हणा, मला दोन्ही चालेल. रंगानं मी तपकिरी, बोटभरही रुंद नाही, आणि एका रिळावर गुंडाळलेली असते. जन्मले तेव्हा होते त्यापेक्षा आज मी दोन हात आखूड आहे. ते दोन हात कुठे गेले, हे सांगण्यासाठीच आज बोलते आहे.

माझी पहिली नोकरी ईरी शहरातल्या एका लहानशा रेडिओ केंद्रात होती. मोठ्या तळ्याकाठचं थंड गाव, तळ्यावरच्या वाऱ्यानं हिवाळाभर बर्फ पडायचा, त्यामुळे माझ्यावर बहुतेक बर्फाच्या बातम्या भरायचे. आज किती पडला, उद्या किती पडेल, कुठला रस्ता बंद. दुसऱ्या दिवशी ते पुसून नव्या भरायचे. पुसताना मला कधी दुखलं नाही. टेपच्या जातीला पुसण्याचं दुःख नसतंच. पुढे केंद्रानं नवी यंत्रं घेतली आणि आम्हा जुन्यांना एका खोक्यात भरून दाराबाहेर ठेवलं. तिथून मला मार्टी नावाच्या काटकुळ्या मुलानं उचललं आणि रोंडाच्या घरी, तळघरात आणलं.

रोंडा तेव्हा एकोणीस वर्षांची होती. केस स्वतःच्या हातानं कापलेले, तेही आरशात न बघता. ती गिटार वाजवायची आणि गायची. तिचा मावसभाऊ डेल ड्रम बडवायचा. बडवायचाच म्हणते, कारण दुसरा शब्द मला सापडत नाही. मार्टी बास वाजवायचा आणि उसन्या यंत्रावर सगळं माझ्यात भरून घ्यायचा. एका बाजूला घर तापवायची भट्टी, दुसऱ्या बाजूला कपडे धुण्याचं यंत्र, आणि मध्ये ही तीन पोरं जीव तोडून ओरडायची. त्यांच्यासारख्यांना पंक म्हणत. गाणं दोन मिनिटांच्या आत संपलं पाहिजे आणि ऐकणाऱ्याच्या कानठळ्या बसल्या पाहिजेत, एवढाच त्यांचा नियम.

वर स्वयंपाकघरात रोंडाची आई असायची. बर्निस तिचं नाव. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. दिवसभर चारशे पोरांना जेवू घालायची आणि घरी येऊन आणखी तिघांना. शाळेतल्या गोंगाटात ओरडून ओरडून तिचा आवाज असा दणकट झाला होता की भिंतीसारखं त्याला टेकून उभं राहावं. संध्याकाळ झाली की तळघराचं दार करकरायचं आणि ती हाक मारायची. पहिल्या हाकेला कुणी ओ द्यायचं नाही. दुसरीलाही नाही. मग ती म्हणायची, "थंडच गिळा मग!" आणि खरोखरच ती पोरं रोज थंड जेवायची. म्हणून त्यांनी बँडचं नावच ठेवलं, कोल्ड सपर. थंड जेवण.

एक्याऐंशी सालच्या हिवाळ्यात त्यांनी एका संध्याकाळी आठ गाणी माझ्यावर भरली. दुसऱ्या गाण्यात दार करकरलं. बर्निसनं हाक मारली, पण गिटारच्या आवाजात ती बुडून गेली. चौथ्या गाण्यात ती पुन्हा आली, पुन्हा बुडाली. आठवं गाणं मात्र संपलं होतं. डेलच्या झांजेचा नाद विरत चालला होता आणि सगळे श्वास रोखून उभे होते, इतक्यात दार करकरलं.

"रोंडा! अगं जेवण थंड होतंय! आता तिसऱ्यांदा सांगतेय, चौथ्यांदा नाही यायची मी!"

हे सगळं माझ्यावर उमटलं, अगदी लख्ख. मित्रांनो, मी खूप बातम्या वाहिल्या, पण मला कुणीतरी जेवायला बोलावल्यासारखं त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं.

तळघरात एक सोय असते. भट्टीची गरम हवा ज्या नळकांड्यातून वर जाते, त्याच नळकांड्यातून वरचं बोलणं खाली येतं. त्या संध्याकाळी ती मंडळी कोबी आणि शेवया खात होती.

"मावशी, तू आमच्या रेकॉर्डवर आलीस!" डेल म्हणाला.

"मी? मी काय केलं बाबा?"

"गाणं संपलं आणि तू ओरडलीस. फिट्ट बसलंय. बँडचं नाव थंड जेवण, आणि शेवटी तू!"

"अरे देवा. म्हणजे लोकांच्या घराघरांत मी ओरडणार?"

"घराघरांत. पार क्लीव्हलंड शहरापर्यंत."

"मग आधी सांगायचं तरी. जरा नीट ओरडले असते."

सगळे हसले. बर्निस सगळ्यांत जास्त हसली. रोंडा तेवढी म्हणाली, "डेल, गप्प बस आणि जेव."

दुसऱ्या दिवशी दुपारी रोंडानं मला यंत्रावर चढवलं. तिच्या हातात ब्लेड होतं. मार्टी कपडे धुण्याच्या यंत्रावर बसून पाय हलवत होता.

"वेडी आहेस का? सगळ्यात भारी तेच आहे."

"क्लीव्हलंडच्या पोरांना मी सांगितलंय की पंधराव्या वर्षी घर सोडलं. बसस्टँडवर झोपायचे म्हणून सांगितलंय. आणि रेकॉर्डच्या शेवटी आई कोबी खायला बोलावतेय? फिदीफिदी हसतील."

"घर सोडलंस तू. आणि राहतेस कुठे? आईच्या डोक्यावर, माडीवर."

"मार्टी, ब्लेड माझ्या हातात आहे."

मार्टीनं पाय हलवणं थांबवलं. रोंडानं मला बोटांनी पुढेमागे फिरवून नेमकी जागा शोधली. झांजेचा नाद तिला हवा होता आणि दार त्या नादातच करकरलं होतं, म्हणून दार राहिलं. त्यापुढची दोन हात टेप तिनं कापली. मित्रांनो, पुसताना दुखत नाही असं मी म्हटलं ना, कापताना दुखतं. तो तुकडा जमिनीवर पडला आणि तिथेच राहिला. माझ्या टोकाला तिनं पांढरी कोरी पट्टी चिकटवली आणि मला खोक्यात घातलं.

संध्याकाळी पोरं बाहेर गेल्यावर बर्निस झाडू घेऊन खाली आली. तिला तळघरात केर चालत नसे. गिटारच्या तुटलेल्या तारा, डेलनं टाकलेले चॉकलेटचे कागद, कपड्यांच्या यंत्रातून निघालेला कापूस, सगळं तिनं एकत्र केलं. त्यात माझा तुकडाही होता. तो झाडूला गुंडाळला गेला, तेव्हा ती चुकचुकली, बोटांनी सोडवून तिनं तो सुपलीत घेतला आणि केराच्या डब्यात टाकला. स्वतःचाच आवाज तिनं स्वतःच्या हातानं केरात टाकला, आणि तो टाकताना ती गुणगुणत होती. मी फळीवरच्या खोक्यातून बघत होते. मला ओरडता येत नाही. माझ्यावर कुणी काही भरलं तरच मी बोलते.

पुढे माझ्यावरून छापलेल्या रेकॉर्डची खोकी आली. कोरे कागद आणून त्यांची पाकिटं घरीच करायची होती. ती बर्निसनं केली, शाळेतून आल्यावर, ओट्याशी उभं राहून, एकेक घडी नखानं दाबून. मग पोरं व्हॅन घेऊन गावोगाव वाजवायला गेली आणि घर शांत झालं. त्याच आठवड्यात बर्निसनं शेजारच्या स्टेलाला बोलावलं. नळकांड्यातून मला कपबशांचा आवाज आला, मग खुर्च्या सरकल्याचा, मग रेकॉर्डवर सुई टेकल्याचा.

"अगं बाई," स्टेला म्हणाली, "हे काय? कुणी मारतंय का पोरीला?"

"थांब गं. शेवटी आहे."

"अजून किती?"

"झालंच. आता ऐक. आता."

झांज विरत गेली. दार करकरलं. मग सुईची खरखर, आणि त्यानंतर काहीच नाही.

"हे तुझंच दार ना?" स्टेलानं विचारलं.

"हो. माझंच दार आहे."

"मग तू कुठेयस?"

बर्निसनं सुई उचलून पुन्हा मागे टेकवली. पुन्हा झांज, पुन्हा दार, पुन्हा खरखर.

"जागा नसेल उरली," ती शेवटी म्हणाली. "एवढ्याशा रेकॉर्डवर किती मावणार? गाणी भरायची असतात त्यांना."

स्टेला गेल्यावर बर्निस खाली आली. तिनं कपडे धुण्याचं यंत्र सुरू केलं. आत एकच टॉवेल होता. यंत्र घरघरत होतं तोवर ती त्याला टेकून उभी राहिली आणि ते थांबल्यावर टॉवेल घेऊन वर गेली. मित्रांनो, त्या माउलीनं लेकीला याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. त्यानंतर तिनं फक्त एक गोष्ट बदलली. तळघराच्या दारातून हाक मारणं तिनं सोडलं. जेवण तयार झालं की ती चमच्यानं भट्टीच्या नळकांड्यावर टकटक करायची. रोंडाला वाटलं, आईचा घसा बसत असेल शाळेत. पुढची मोठी रेकॉर्ड त्यांनी याच तळघरात केली. तिच्यात मधूनच कुठेतरी टकटक ऐकू येते. लोकांना वाटतं तो डेलच्या ड्रमचाच भाग आहे. तारीफही करतात त्याची.

बँड चार वर्षं टिकला. एक लहान रेकॉर्ड, एक मोठी, एक कॅसेट, एवढाच त्यांचा संसार. डेल टेक्ससला गेला, मार्टी लग्न करून विमा विकायला लागला, रोंडा शिकागोला एका छापखान्यात लागली. माझ्या खोक्यावर धूळ बसायची आणि बर्निस ती पुसायची. ओलीनं मी हळूहळू चिकट होत गेले, माझेच वेढे एकमेकांना धरून बसले. मग एका वसंतात धूळ पुसणं थांबलं. रोंडा काळे कपडे घालून घर रिकामं करायला आली, तेव्हा मला कळलं, बर्निस गेली.

तिनं घरभर आईचा आवाज शोधला. कुणी कधी भरून घेतलाच नव्हता. फोनवर निरोप ठेवायचं यंत्र बर्निसनं कधी घेतलं नाही. मशीनशी कोण बोलत बसणार, असं म्हणायची. शेवटी रोंडा तळघरात आली, मला खाली उतरवलं आणि छातीशी धरून पायरीवर बसून राहिली.

शिकागोच्या एका लहान कंपनीला कोल्ड सपरची सगळी गाणी एकत्र करून नव्यानं काढायची होती. रोंडा त्यांना वर्षभर नाही म्हणत होती. आता तिनं हो म्हटलं. त्यांनी मला लेन नावाच्या म्हाताऱ्याकडे पाठवलं. चिकट झालेल्या टेपला हलक्या आचेवर तासन् तास वाळवावं लागतं. लेन त्यासाठी सफरचंदाच्या फोडी वाळवायचं यंत्र वापरायचा. अंगाला सफरचंदाचा वास घेऊन मी यंत्रावर चढले.

"ही आता थोडेच दिवस नीट वाजेल," तो म्हणाला. "नंतर परत चिकटेल. तुला काय हवंय ते आत्ताच सांग."

"दुसऱ्या आणि चौथ्या गाण्यात माझी आई हाक मारतेय. गिटारच्या खाली. ती मला वर काढून दे."

लेननं सगळी बटणं फिरवली. हे कमी केलं, ते चढवलं, माझा वेग बदलला, पुन्हा पुन्हा तेच दोन तुकडे वाजवले. मित्रांनो, ती हाक माझ्यात होती. आजही आहे. पण गिटार आणि ती एकाच जागी उमटलेली, मला ती वेगळी करून देता येत नव्हती. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही.

"खाली काहीतरी आहे," लेन म्हणाला. "पण पोरी, तुझी गिटार केवढी मोठी आहे."

"मीच मोठी करायला लावली होती," रोंडा म्हणाली.

मग त्यानं मला शेवटपर्यंत जाऊ दिलं. आठवं गाणं झालं, झांज विरली, दार करकरलं आणि पांढरी कोरी पट्टी आली.

"हे शेवटी कसलं तरी दार वाजतंय," लेन म्हणाला. "कापून टाकतो, स्वच्छ होईल."

रोंडा खुर्चीवरून उठली. तिनं त्याचा हात धरला नाही, नुसता स्वतःचा हात माझ्यावर ठेवला.

"त्याला हात नाही लावायचा," ती म्हणाली. "पुन्हा लाव. फक्त दार."

त्यानं लावलं. दार करकरलं, पांढरी पट्टी सरसरत गेली, आणि त्या रिकाम्या जागेत रोंडा हळूच म्हणाली, "आले गं, आई."

तिला मी स्टेलाची गोष्ट सांगू शकले नाही. चमच्याचीही नाही. ज्या दिवशी त्या घडल्या त्या दिवशी मी यंत्रावर नव्हते, खोक्यात होते. म्हणून तुम्हाला सांगितल्या.

आता ती सगळी गाणी एका चकतीवर आहेत आणि त्या चकतीचा शेवट एका दारानं होतो. ऐकणारी मुलं वाद घालतात की हे दार कसलं. मी लेनच्या कपाटात पडून असते आणि पुन्हा चिकटत चालले आहे. मला कोरड्या जागी ठेवा, उन्हापासून जपा, असं टेपनं सांगायचं असतं. तेवढं केलंत तर बरंच. पण मित्रांनो, वरून कुणी हाक मारली, तर पहिल्याच हाकेला ओ द्या आणि जेवण गरम आहे तोवर वर जा. माझ्यावर ते नाही उमटलं तरी चालेल.